सुरांची वाटणी

२१ फेब्रुवारी १९८८

आज अठ्ठावन्न पुरे झाले. गेर्डाने ही वही दिली आणि म्हणाली, "दिवसभराची चिडचिड माझ्यावर काढण्यापेक्षा हिच्यावर काढ. ही बिचारी उलट बोलत नाही." भेट आणि टोमणा एकाच कागदात गुंडाळून द्यायची कला फक्त बायकांना येते. बरं, काढतो.

पहिली चिडचिड: आयनर पुटपुटतो. माझा धाकटा भाऊ लहानपणापासूनच हळू बोलणारा, पण आता तर नुसते ओठ हलतात आणि शब्द मिशीतच अडकून राहतात. आज कॉफीच्या वेळी काहीतरी म्हणाला. मी 'काय?' म्हटलं, पुन्हा 'काय?' म्हटलं, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाला, "काही नाही रे बाबा. साखर दे." साखरेसाठी एवढं नाटक!

दुसरी चिडचिड: आमची फीत झिजत चालली आहे. ही फीत म्हणजे आमच्या धंद्याचा देव. आयनर सोळाचा आणि मी वीसचा असताना शाळेच्या मास्तरांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, वडिलांच्या दुधाच्या गाडीवर चढवला आणि माळरानावर जाऊन चंडोलाचं गाणं भरलं. शेवटी शेवटी आई कॉफीला हाका मारत येते आणि कपात चमचा वाजतो, तेही आलंय. आजवर आम्ही बनवलेला प्रत्येक स्पीकर या फितीवर पारखूनच बाहेर गेला. पण आता चंडोल कुठेतरी गोणपाटाआड गायल्यासारखा येतो. चमचा तर गेलाच. आयनरला म्हटलं, "फीत झिजली." तो फितीकडे न बघता माझ्याकडेच बघत बसला.

२ मार्च

आज आयनरने बॉम्ब टाकला. पुढचं मॉडेल 'ॲक्टिव्ह' करू म्हणतो.

आमच्या पेटीत काय असतं ते पाद्री होल्गरला मी एकदा समजावलं होतं, तेच इथे लिहितो. एक मोठा कर्णा जाड सुरांचा, एक छोटा बारीक सुरांचा, त्याला ट्वीटर म्हणतात. ॲम्प्लिफायरकडून सगळा आवाज एकत्र येतो, धारेचं दूध यावं तसा. पेटीत तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर बसवलेले असतात, ते साय वेगळी काढतात. जाड तिकडे, बारीक इकडे. याचं नाव क्रॉसओव्हर. आमचा कारखाना ज्या जुन्या डेअरीत आहे तिथेच वडिलांनी जन्मभर साय काढायचं यंत्र चालवलं. त्यांनी दुधाचं केलं, आम्ही आवाजाचं करतो, एवढाच फरक. आता साय किती सोडायची? ते ट्वीटरच्या तोंडाशी लावलेला रेझिस्टर नावाचा एक चिमुकला अडसर ठरवतो. आणि कोणता रेझिस्टर लावायचा हे माझे कान ठरवतात. फीत लावायची, डोळे मिटायचे, चंडोल डोक्यावर आला की थांबायचं. मीटर नको नि कागद नको. हॅम्बुर्गचा व्यापारी ब्रुकमान आमच्या पेट्या उगाच नेत नाही.

आयनर म्हणतो, "उलटं करू. वाटणी आधी, ताकद नंतर. आवाज अजून लहान आहे तेव्हाच त्याचे दोन भाग करायचे आणि मग प्रत्येक कर्ण्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर. मध्ये तांब्याची वेटोळी नाहीत, ताकद फुकट तापत नाही. मोठा कर्णा मुठीत धरल्यासारखा राहील."

म्हटलं, "आणि लोकांच्या घरातल्या ॲम्प्लिफायरचं काय करायचं? माणूस बायको निवडत नाही एवढ्या काळजीने ॲम्प्लिफायर निवडतो. त्याला सांगायचं, तो अडगळीत टाक?"

"ऐकलं की टाकतील."

"दुप्पट यंत्रं म्हणजे दुप्पट बिघाड."

"ते खरं," तो म्हणाला. आयनरचं हे एक बरं आहे, खरं असलं की कबूल करतो. मग म्हणाला, "मागे एक स्क्रू पण देता येईल. बारीक सूर कमी-जास्त करायला. ज्याची खोली जशी, ज्याचे कान जसे."

इथे माझं डोकं फिरलं. "स्पीकर आहे का स्वयंपाकघरातला रेडिओ? माझे कान असताना लोकांच्या कानांचं काय लोणचं घालायचंय?"

आयनर उठला आणि कप विसळायला गेला. पाठमोरा काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही.

१९ मार्च

या वर्षी चंडोल आलेच नाहीत. एव्हाना माळावर त्यांची भाऊगर्दी असते. गेर्डा कपडे वाळत घालताना मान वर करून उभी होती, चेहऱ्यावर हसू. म्हटलं, काय बघतेस? तर पटकन मान खाली घालून म्हणाली, "काही नाही, ऊन आहे." शेतकऱ्यांनी शेतात विषं फवारून फवारून पाखरं संपवली. वर्तमानपत्राला पत्र लिहिणार होतो, गेर्डाने लिहू दिलं नाही.

शिट्टीची केटली पण जळून काळी झाली. शिट्टी वाजलीच नाही. हल्ली कुठलीच वस्तू धड बनवत नाहीत.

६ एप्रिल

आयनरची ॲक्टिव्ह जोडी तयार झाली. रात्रंदिवस खपून केलीय, हे मान्य. आधी ऑर्गनची तबकडी आणि मग फीत लावली.

खरं सांगायचं तर जाड सूर ऐकून मला घाम फुटला. चर्चचा ऑर्गन पायाखालच्या फरशीतून वर आला आणि थांबला तेव्हा जिथल्या तिथे थांबला, रेंगाळला नाही. आमच्या पेटीला हे कधीच जमलेलं नाही. पण वरचं अंग? मेलेलं. ओल्या घोंगडीखाली कोंबलेलं. चंडोल नाही, हवा नाही, काही नाही.

"वर काहीच नाही आयनर."

"स्क्रू फिरव ना," तो म्हणाला. हे मात्र चांगलं मोठ्याने, स्पष्ट म्हणाला. "मागे आहे. मी बाहेर जातो. तू एकटा बस आणि तुला हवा तितका फिरव. मला दाखवू पण नकोस."

म्हणजे मी माझ्याच कारखान्यात चोरासारखा स्क्रू फिरवत बसू? मी म्हटलं, "कारागिराने सूर ठरवून द्यायचा असतो. गिऱ्हाइकाच्या हातात स्क्रू देणं म्हणजे आचाऱ्याने मिठाचा डबा टेबलावर ठेवून पळून जाणं." वाक्य चांगलं जमलं होतं. पण तो हसला नाही.

८ एप्रिल

हे लिहायला लाज वाटते, पण वही उलट बोलत नाही.

काल आयनर रिंगक्योबिंग गावाला लाकूड आणायला गेला होता. ऑर्गन पुन्हा ऐकावा असं मला फार वाटलं. त्याच्यासमोर मागायचं नव्हतं. तारा त्याने सोडवून ठेवल्या होत्या, त्या मी जोडल्या. आमच्या साध्या पेटीला दोन तारा, कशाही लावा, मरत काही नाही. ट्वीटरपुढे कपॅसिटर दारवानासारखा उभा असतो, जाड सूर आला की त्याला दारातच अडवतो. आयनरच्या जोडीला तारा चार आणि दारवान नाही. मी जाड सुरांचा ॲम्प्लिफायर थेट ट्वीटरला लावला. ऑर्गनचा पहिलाच सूर, फट् आवाज, आणि जळक्या वार्निशचा वास.

तो आला तेव्हा वास अजून होता. त्याने ट्वीटर बोटाने दाबून पाहिला.

"तारा सगळ्या तपकिरी ठेवल्यास," मी म्हटलं.

"एक लाल आहे, प्रेबेन."

"जी वस्तू एका चुकीत मरते ती विकायची कशी?"

चूक माझी आणि आवाज चढला तोही माझाच. त्याने खिशातून रुमाल काढला, ट्वीटर त्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. 'चुकलं' एवढा एक शब्द होता, तो माझ्या तोंडातून काही निघाला नाही.

१४ मे

ब्रुकमान सप्टेंबरात हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात आम्हाला एक खोली देतोय. तिथे चाललं तर अर्धी जर्मनी, नाही चाललं तर त्याचाही हात आखडेल, आणि त्याच्याशिवाय डेअरीचे दिवे चालू राहणार नाहीत. हे त्याने फोनवर गोड शब्दांत सांगितलं. फोनवर हल्ली सगळेच पुटपुटतात, म्हणून गेर्डाने ऐकून मला सांगितलं.

नेहमीची साधी पेटीच न्यायची असं मी ठरवलं. वर जरा आणखी उजेड हवा होता म्हणून रेझिस्टर बदलून आणखी लहान घातला. आयनरने ऐकलं आणि खुर्चीतच मागे सरकला.

"हे असं न्यायचं?"

"असंच."

"प्रेबेन, माझी जोडी ने. किंवा दोन्ही ने."

"मेलेला आवाज घेऊन हॅम्बुर्गला जायचं? लोक मयताला आलेत का?"

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "मी थकलो रे."

"कशाने?"

"झाकणं लावून."

पेट्या पूर्ण झाल्या की मागची झाकणं तोच लावतो नि पॅकिंग तोच करतो. माझी पाठ दुखते म्हणून त्यानेच मागे कधीतरी ते अंगावर घेतलं. म्हटलं, "एवढंच ना? झाकणं मी लावीन. चार स्क्रूंनी माणूस थकतो होय?"

"नको," तो घाईने म्हणाला. "झाकणं मीच लावतो."

याला काय म्हणावं? थकलो म्हणायचं आणि काम पण सोडायचं नाही.

२७ मे

आयनर चालला.

ओडेन्से शहरात एका कारखान्यात नोकरी धरलीय. तिथे बहिऱ्यांसाठी कानात घालायची यंत्रं बनवतात. चाळीस वर्षांत आम्ही दोघं एका दिवसापेक्षा जास्त लांब राहिलो नाही आणि हा सांगतो कसा, हेरिंग माशाचा तुकडा काळ्या पावावर ठेवता ठेवता, जसं काही उद्या पाऊस येणार आहे. मी ताट सारलं.

"जा! बहिऱ्यांचे कान बनव जा! माझ्या कानांपेक्षा त्यांच्याजवळ तुझी जास्त कदर होईल!"

आयनर हसायला लागला. सगळ्या भांडणात पहिल्यांदाच हसला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. "फारसं वाईट नाही," तो म्हणाला. आमच्या पश्चिम युटलंडमध्ये यापेक्षा मोठी शाबासकी नसते. पण शाबासकी कशाची ते मला समजलं नाही.

जाताना दारात म्हणाला, "एकदा त्या पेट्या दुसऱ्या कुणाला ऐकव. कुणालाही. होल्गरला ऐकव."

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." निरोपाचं बोलणं एवढंच झालं.

१८ जून

एकट्याने वेटोळी गुंडाळतो, पेट्या घासतो, झाकणं लावतो. झाकण लावायला काही त्रास नाही. आयनरला त्यात कसला शीण येत होता देव जाणे.

डेअरीच्या पांढऱ्या फरश्यांच्या भिंती एकट्या माणसाला फार मोठ्या वाटतात. कॉफीच्या वेळी मी दोन कप काढले आणि एक परत ठेवला.

३ ऑगस्ट

नवा माल गेला. चार गावांच्या दुकानदारांकडे आणि ब्रुकमानकडे. पहिला असा माल की ज्याला आदीपासून अंतापर्यंत माझाच हात लागलाय.

११ सप्टेंबर, हॅम्बुर्ग

उठून गेले. सगळे उठून गेले.

सुरुवातीला खुर्च्या भरलेल्या होत्या. मी व्हायोलिन लावलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने दोन्ही कानांत बोटं घातली आणि शेजारणीकडे बघून तोंड वाकडं केलं. एक म्हातारा उठला, त्याच्यामागे चौघे. कॉफीची वेळ असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढची खेप आली, ती तर व्हायोलिन संपायच्या आत पांगली. शेवटी खोलीत मी, ब्रुकमान आणि रिकाम्या खुर्च्या.

ब्रुकमान सभ्य माणूस. माझ्या कोपराला धरून कोपऱ्यात नेलं आणि तोंड कानाशी आणून म्हणाला, "तुमच्या पेट्यांचा गोडवा कुठे गेला? हे चाकूसारखं लागतंय. तुमचे बंधू कुठे आहेत?"

बंधू! माझ्या कानांवर पोसलेला माणूस मला विचारतो बंधू कुठे.

खोलीचा दोष आहे. काच फार होती. आणि जर्मनांचे कान हल्ली त्या नव्या सीडीच्या चकत्यांनी बिघडलेत. असं मी आता लिहितोय खरं, पण हॉटेलवर आल्यापासून त्या बाईची बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

३० सप्टेंबर

पेट्या परत यायला लागल्या. आजवर एक परत आली नव्हती. दुकानदार लिहितात 'कर्कश', 'डोकं दुखतं', 'कुत्रा खोलीत थांबत नाही'. कुत्र्याचं मत विचारून धंदा करायची वेळ आली माझ्यावर!

एकेक पेटी पुन्हा लावून ऐकली. उत्तम आहे. थोडी मंदच आहे म्हटलं तरी चालेल. गेर्डाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"कसं आहे?"

"तुला कसं वाटतं?" ती म्हणाली.

बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने मला कधी सरळ उत्तर दिलं नाही.

१६ ऑक्टोबर

आज अक्षर वाईट येईल.

मला सुचलं की जुनी पेटी आणि नवी पेटी यांत फरक काय ते उघडून बघू. होल्गरकडे तीन वर्षांपूर्वीची जोडी आहे. त्याच्याकडे ती मला नेहमी मंद वाटायची, मी समजायचो त्याच्या खोलीतली पुस्तकं आवाज पितात. आज त्याच्या टेबलावर पेटी पालथी घालून झाकण काढलं.

माझा रेझिस्टर नाही. त्याच्या जागी दुसराच, कितीतरी मोठा. बारीक सुरांचा गळा आवळून टाकणारा. आणि सोल्डरचा डाख आयनरचा. तारेला शेवटी अर्धा पीळ द्यायची त्याची सवय मी अंधारातही ओळखीन.

तसाच डॉक्टरकडे गेलो, मग शाळेत, मग बेकरीवाल्याकडे. आई गेली त्या वर्षापर्यंतच्या पेट्यांत माझा रेझिस्टर. त्यानंतरच्या प्रत्येक पेटीत त्याचा. आणि दरवर्षी हावरटासारखा आणखी मोठा, आणखी मोठा.

म्हणून झाकणं! म्हणून 'झाकणं मीच लावतो'! मी डोळे मिटून सूर ठरवायचा, आणि माझी पाठ फिरली की याने तो पुसून स्वतःचा घालायचा. इतकी वर्षं जग ज्याला माझा सूर म्हणत होतं तो माझा नव्हताच. सख्ख्या भावाने केलं हे.

ओडेन्सेला फोन लावला. त्याच्या बायकोने, रूथने घेतला. म्हटलं, "त्याला सांग, मी पेट्या उघडल्या. आणि सांग की तो चोर आहे." ती काहीतरी बोलत होती. मी फोन ठेवला.

होल्गर मला घरी सोडायला आला. वाटेत माझ्या बाहीला धरून म्हणाला, "प्रेबेन, पण त्या पेट्या फार गोड वाजतात हो." पाद्र्यांना कळत काही नाही, बोलायची मात्र हौस दांडगी.

२० नोव्हेंबर

ब्रुकमानने हात जोडले. बँकेच्या माणसाने डेअरी बघितली. कुणी डुकरांच्या खाद्याचा व्यापारी आहे, त्याला गोदाम हवंय. देऊन टाकली. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या.

संध्याकाळी नुसता बसून होतो. चिडून चिडून थकलो आणि मग एक विचित्र गोष्ट डोक्यात आली. चोर चोरी करतो ती स्वतःच्या फायद्याला. आयनरचा फायदा काय होता? पेट्यांवर नाव दोघांचं. लोक स्तुती करायचे माझ्या कानांची, आणि तो शेजारी उभा राहून मान डोलवायचा. दर पेटी उघडायची, जुनं सोल्डर काढायचं, नवं लावायचं, पुन्हा बंद करायची. एवढी मेहनत, आणि कशासाठी?

गेर्डाला विचारलं. ती विणत होती. सुया खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि मोठ्याने म्हणाली, "फीत घे आणि आयनरकडे जा."

"चोराकडे?"

"तू जा. मी काही सांगणार नाही. मी पुष्कळ वर्षं सांगत नाहीये." आणि ती रडायला लागली.

११ डिसेंबर

काल ओडेन्सेहून आलो. लगेच लिहायचं धैर्य नव्हतं.

रूथने दार उघडलं. घरभर गोल गोड पुऱ्यांचा आणि वेलदोड्याचा वास होता. मला वाटलं होतं दार तोंडावर आपटेल. तिने कोट काढून घेतला आणि बैठकीकडे बोट दाखवलं.

आयनर खिडकीशी उभा होता. बारीक झालाय. आम्ही हात मिळवले, शेजारच्या गावच्या माणसांसारखे. कोपऱ्यात ती जोडी होती, ॲक्टिव्ह. जळलेला ट्वीटर बदललेला.

"डेअरी गेली," मी म्हटलं.

तो मान हलवून माझ्या अगदी समोर आला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "फीत आणलीस?"

मी पिशवीतून काढून दिली. त्याने ती चढवली, स्पीकरच्या मागे वाकून काहीतरी केलं, रूथला खूण केली. तिने आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

आधी मला वाटलं बागेत आहे. डिसेंबरात? मग तो वर चढला. चंडोल. थेट डोक्यावर, एकेक दाणा सुटा, वर वर जाणारा. गवत सळसळलं. आईची हाक आली, आणि तिच्यामागे, देवा, कपात चमचा वाजला. मी खुर्चीवरून केव्हा उठलो मला माहीत नाही.

"नवी फीत कुठून आणलीस?" मी विचारलं.

"तुझ्या पिशवीतली आहे."

"ती तर झिजलीय."

स्पीकरमागच्या स्क्रूवर त्याने बोट ठेवलं. स्क्रू शेवटाला टेकलेला होता. आता बंद दाराकडे लक्ष गेलं, आणि रूथ त्याच्यामागे का जाऊन बसली ते कळलं. हॅम्बुर्गची ती बाई, होल्गर, गेर्डा, जळलेली केटली, सगळं एकदमच कळलं. चंडोल माळावर होते. दरवर्षी होते.

"कधीपासून?"

"आई गेली ना, त्या वर्षी आपण फीत लावली होती. तू म्हणालास, चंडोल मागे गेला. मला तर कानाशी गात होता." त्याची मिशी थरथरत होती. "त्या दिवशी पहिलं झाकण उघडलं."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू फितीला पुन्हा हात लावला नसतास. मग मी त्या डेअरीत एकट्याने काय केलं असतं? मला पेट्या बनवायच्या नव्हत्या रे, प्रेबेन. तुझ्याबरोबर बनवायच्या होत्या. पण खोटं दरवर्षी वाढत चाललं, मला झेपेना. म्हणून म्हटलं स्क्रू करू. ऐकताना तुझ्यासाठी एक जागा, गिऱ्हाइकासाठी दुसरी. झाकण उघडायला नको, तुला कळायला नको."

आणि मी म्हणालो होतो, मिठाचा डबा टेबलावर ठेवून पळालास.

"मी तुला चोर म्हटलं," मी म्हटलं. "ट्वीटर मी जाळला. हॅम्बुर्गबद्दल तू म्हणत होतास ते खरं होतं. चुकलो, आयनर. सगळं घालवलं मी."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ट्वीटरच्या दाराशी आता एक कपॅसिटर बसवलाय," तो म्हणाला. "दारवान. म्हटलं, तू येशील कधीतरी."

हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या कारखान्यात माझे कान तपासायला नेणार आहे. बहिऱ्यांचे कान बनवतो तो. मीच पाठवलं होतं त्याला.

निघायच्या आधी मी म्हटलं, "फीत पहिल्यापासून लाव. आणि स्क्रू लोकांच्या जागेवर आण."

"कशाला?"

"लोकांना कसं ऐकू येतं ते बघायचंय."

तो नको नको म्हणत होता. मी हटलो नाही. फीत सुरू झाली, चंडोल वर चढला, आणि आयनरने स्क्रू हळूहळू मागे घेतला. गाणं बारीक झालं, मग गवतात बुडालं, मग गेलं. नुसती खोली उरली.

"फीत थांबवलीस?"

त्याने नाही अशी मान हलवली. फितीच्या चकत्या फिरत होत्या. आयनर छताकडे मान वर करून उभा होता, सोळा वर्षांचा असताना माळावर उभा होता तसाच.

"गातोय?" मी विचारलं.

त्याने चेहरा माझ्याकडे वळवला, मला ओठ दिसतील असा. "गातोय," म्हणाला.

फीत संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.